वायपर बदलायच्या आधी काच धुवा, गाडी मनालीत असो की रत्नागिरीच्या मिरजोळ्यात

जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन, मनालीहून. चौघं मित्र रत्नागिरीहून गाडी घेऊन गेलेले. "मामा, वायपर हलतच नाहीयेत, आतून नुसतं घूं घूं करतंय." म्हटलं आधी ते वायपर बंद कर, मग काय ते सांग. आता मी बर्फ बघितलाय तो मिरकरवाड्याला मासळीच्या पेट्यांत आणि उसाच्या रसात, त्यापलीकडे नाही. पण वायपरशी माझं जुनं वैर आहे, चार महिने पावसात आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्यात, त्यामुळे एवढं माहीत होतं की वायपर अडला किंवा नीट पुसत नसला तर बहुतेक वेळा खोट वायपरात नसते, काचेवर काहीतरी बसलेलं असतं. तिकडे बर्फ, इकडे मीठ. आपण मात्र काच तशीच ठेवतो आणि दुकानात जाऊन नवीन ब्लेड घेऊन येतो.

तर आधी बर्फाचं सांगतो कारण हल्ली आपल्याकडची पोरं सारखी अटल टनेल, सिस्सू करत असतात आणि जाताना गाडी इथल्याच तयारीने नेतात. वायपर काचेला गोठून चिकटलेला असताना चालू केला तर रबर तरी फाटतं, नाहीतर मोटर जागेवर जोर लावत बसते आणि फ्यूज उडतो, किंवा आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा लोखंडी हात, जिथे नटाने बसवलेला असतो तिथले दाते घासले जातात, मग मोटर फिरते आणि आर्म तिथेच. म्हणून इंजिन चालू करायच्या आधीच वायपर बंद आहेत ना बघायचं, ऑटो वायपरवाली गाडी असेल तर ऑटोसुद्धा काढायचं. मग सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साठलेला नाही ना ते बघून घ्यायचं, असला तर आधी तो काढायचा, कारण धूर आत येतो आणि त्या विषारी वायूला वास नसतो. मग इंजिन चालू, हवा समोरच्या काचेवर, हीटर आधी कमी मग हळूहळू जास्त. दहापंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा घ्या, पण गाडीकडे कोणीतरी थांबा.

काचेला धग लागली की बर्फ खालून सुटायला लागतो, मग प्लॅस्टिकच्या खरवडणीने वरून खाली काढायचा. पातळ थर असेल तर जुनं एटीएम कार्ड चालतं, जाड असेल तर कार्डच मोडतं. उलथनं, चाकू, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको. आणि उकळतं पाणी तर नकोच नको, भाच्याच्या मित्राने हॉटेलातून किटली आणलीच होती. थंडगार काचेवर एका जागी गरम पाणी पडलं की तेवढीच जागा फुगते, बाजूची नाही, आणि कुठे खडा लागून टवका उडालेला असला तर तिथून तडा धावत जातो. शिवाय ते पाणी खाली वायपरशी जाऊन परत गोठतं ते वेगळंच. त्यापेक्षा मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट घ्यायचं, दोन भाग स्पिरिट एक भाग पाणी असं स्प्रेच्या बाटलीत भरायचं आणि इंजिन चालू करायच्या आधी मारायचं. मीठ टाकू नका. बर्फ मिठाने वितळतो हे कुल्फीवाल्यालाही माहीत आहे, पण पत्र्याचं काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

काच मोकळी झाली की मग ब्लेड हाताने सोडवायचं, आर्मच्या मधोमध धरून, टोक ओढून नाही. रबराची कड बोटाने चाचपायची, बर्फाचे कण अडकलेले असतात ते स्पिरिटच्या फडक्याने पुसायचे, आणि मग चालू करायचं.

हे सगळं टाळायचं असेल तर आदल्या रात्रीच आर्म उभे करून ठेवायचे. काही गाड्यांचे वायपर बोनेटच्या आत लपलेले असतात, ते असे उचलले तर पत्र्याला घासतात, त्यांची वर आणायची पद्धत वेगळी असते, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच स्टीअरिंगजवळचा वायपरचा दांडा दाबावा लागतो, ते गाडीच्या पुस्तकात बघा. आणि वॉशरचं पाणी! इथून नळाचं पाणी भरून नेलेलं असतं टाकीत, ते तिकडे रात्री गोठतं आणि गोठताना फुगतं, त्यात टाकी, नळी, पंप यातलं काहीतरी फुटतं. चंदीगडच्या पुढे निघायच्या आधी टाकी रिकामी करून न गोठणारं लिक्विड भरायचं आणि दोनचारदा फवारा मारायचा म्हणजे नळीतलं जुनं पाणीपण जाईल.

गंमत म्हणजे वायपर निघाला तोच असल्या हवेमुळे. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला ट्रामने जात होत्या, ड्रायव्हरला समोरचं दिसेना म्हणून तो बिचारा काच उघडून थंडी खात चालवत होता, ते बघून त्यांनी आतून हाताने फिरवायचा दांडा आणि बाहेर रबराची पट्टी असं काढलं, १९०३ चं पेटंट आहे. आपल्याकडे तो पावसाचा झाला.

आता आपल्याकडचं. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आलात किंवा मांडवीला संध्याकाळी तासभर गाडी लावलीत की काचेवर तुषारांचं मीठ बसतं. दिवसा दिसत नाही. पण हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि चिकट होतं, आणि आपल्याकडे दमटपणा कधी नसतो सांगा. त्यावर चिऱ्याच्या ट्रकमागून उडालेली लाल धूळ, त्यावर डिझेलचा धूर. सकाळी दंव पडलेलं असतं, आपण सवयीने वायपर मारतो, आणि समोर तांबूस शिकरण. समोरून उन्हाची तिरीप आली की काहीच दिसत नाही. शिवाय ती धूळ वायपरखाली पॉलिश पेपरसारखी फिरते आणि काचेवर अर्धगोल ओरखडे पडतात, ते मग जन्मात जात नाहीत. म्हणून कोरडा वायपर कधीच मारायचा नाही, आधी पाणी. घरातून निघताना एक बाटली पाणी काचेवर ओतायचं, एवढंच.

काच स्वच्छ आहे का हे डोळ्याने बघून कळत नाही. मगभर पाणी घ्या आणि वरून सोडा. पाणी एकसारखं चादरीसारखं खाली उतरलं तर काच साफ. मध्येच फाटलं, बेटं बेटं राहिली, थेंबांच्या ओळी झाल्या तर तिथे तेल किंवा मेण बसलंय. पॉलिशवाल्याने गाडी चकचकीत करताना तेच फडकं काचेवर फिरवलेलं असतं हे एक नेहमीचं कारण. (मुद्दाम पाणी झटकणारं कोटिंग लावून घेतलं असेल तर थेंब होणारच, त्यांनी ही परीक्षा घेऊ नका, पण वायपर थरथरतोय म्हणून तक्रार असेल तर संशय त्या कोटिंगवरच घ्या.)

धुवायचं असं. गाडी सावलीत, काच गार. आधी नुसतं भरपूर पाणी, हात न लावता, म्हणजे माती वाहून जाईल. मग भांडी घासायच्या लिक्विडचे चारपाच थेंब अर्ध्या बादलीत, मऊ फडक्याने, कोपऱ्यांसकट, आणि वायपर उचलून त्याच्या खालची पट्टी विसरायची नाही, सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. परत पाणी. मग परत मगाची परीक्षा. बेटं अजून राहत असतील तर फडक्यावर स्पिरिट घेऊन तेवढाच भाग चोळायचा. शेवटी जुन्या पेपराचा बोळा. कपड्याची पावडर नको, तिचे कण राहतात.

मोहोराच्या दिवसात आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांची वेगळी कथा. तुडतुडे मोहोरातला रस पितात आणि खाली मधासारखं चिकट सोडतात, रात्रीत काचेवर हजारो बारीक ठिपके. ती साखरच असते त्यामुळे कोमट पाण्याने विरघळते, पण ठेवलीत आठवडाभर तर त्यावर काळी बुरशी धरते आणि वायपर तिच्यावरून टकटक उड्या मारत जातो. फणसाचा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही. फणस फोडताना आपण हाताला खोबरेल लावतो ना, तेच करायचं, फडक्यावर दोन थेंब खोबरेल, चीक सुटला की लगेच लिक्विडने तेल काढायचं. तेल तसंच ठेवलंत तर एकाच्या जागी दुसरं दुखणं.

काच झाली की रबर. फडक्याला स्पिरिट लावून ब्लेडच्या कडेवरून एका दिशेने ओढायचं, पहिल्या खेपेला कोळशासारखं काळं येतं, येऊ दे, चारपाच वेळा केल्यावर कमी होतं, तिथे थांबायचं. रॉकेल, पेट्रोल, डिझेल लावू नका, रबर फुगतं. आणि कोणीतरी सांगतं पॉलिश पेपर मारा कडेला, ते तर बिलकुल नको, नवीन ब्लेडवर गुळगुळीत लेप दिलेला असतो तोच जातो.

एवढं करून मग पाणी मारून वायपर चालवा आणि बघा काय राहतंय. बारीक रेघ राहते, दर वेळी त्याच जागी, म्हणजे रबराची कड तिथे चिरलेली आहे. मधला रुंद पट्टाच पुसला जात नाही म्हणजे ब्लेड वाकलंय किंवा आर्मची स्प्रिंग गेली. जाताना साफ आणि येताना थरथर, म्हणजे मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहून रबर एका बाजूला कलून कडक झालंय, नाहीतर आर्मला पीळ बसलाय. रबर कडक असेल तर ब्लेड बदला. आर्मला पीळ असेल तर बदलून काही होणार नाही, फिटरकडून आर्म सरळ करून घ्या. मी स्वतः एका वर्षात दोन जोड्या घातल्या होत्या, आणि दोष निघाला आर्मचा.

ब्लेड बदलताना एक गोष्ट मात्र माझ्यावर उपकार म्हणून करा. काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. ब्लेड काढलेला आर्म म्हणजे स्प्रिंगवरचा लोखंडी आकडा असतो, हातातून सुटला की काचेवर खाडकन बसतो. माझ्या हातून सुटलाय, आणि तीनशे-साडेतीनशेच्या ब्लेडपायी नवीन काच बसवलेली आहे. माप घेताना दोन्ही बाजूंचं वेगवेगळं घ्यायचं, ड्रायव्हरकडचं बहुतेक लांब असतं, आणि इंचात.

हे सगळं मिरगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. मुंबईवरून गणपतीला येणाऱ्यांनी निघायच्या आधी, कशेडीला पोचल्यावर नाही.

आणि एक जे पावसात सगळे विचारतात, वायपर फुल स्पीडला आणि तरी धुरकट का? बोट लावून बघा धुकं कुठल्या बाजूला आहे. आत असेल तर एसी चालू, हवा काचेवर, आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण, आतली फिरवायचं नाही, चार भिजलेली माणसं आणि ओल्या छत्र्या आत आहेत त्यांचीच वाफ आहे ती. बाहेर असेल तर उलटं. आपल्याकडची हवा एवढी ओली की एसीने काच गार झाली की बाहेरून दंव धरतं, माठासारखं, वायपरने पुसलं की दोन मिनिटांत परत. तिथे एसी थोडा कमी गार करायचा आणि हवेचा झोत काचेवरून काढून पायाशी न्यायचा. आंबोलीच्या घाटात मी एकदा अर्धा तास ह्या दुसऱ्या धुक्याला आतलं समजून एसी वाढवत बसलो होतो आणि बायको म्हणत होती काच खाली करा जरा, ते ऐकलं तेव्हा दिसायला लागलं.

भाचा आठ दिवसांनी परत आला. ड्रायव्हरकडच्या ब्लेडचं रबर टोकाला चार बोटं फाटलेलं, काचेवर अख्ख्या देशाची धूळ, आणि पोराच्या हातात नवीन ब्लेडची जोडी, वाटेतच घेतलेली. लगेच बसवायला बसला. म्हटलं बसवूया, पण आधी मगभर पाणी आण.