ॲपला नुसता एक स्टार देऊन थांबू नका, तक्रार अशी लिहा

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशोबाचं काम बघतो. वही बंद करून आम्ही मोबाईलच्या बिलिंग ॲपवर आलो आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. छोट्या दोन इंची प्रिंटरवर पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती, काढली की वजन, दर, हमाली, तोलाई सगळं बरोबर यायचं, पण शेतकऱ्याच्या आणि गावाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कडेगावकडचे एक आजोबा पट्टी हातात धरून म्हणाले, "अरं पोरा, ही माझीच कशावरनं?" बरोबरच होतं त्यांचं, पैशाचा कागद आहे तो.

रागानं मी प्ले स्टोअरवर एक स्टार टाकला आणि लिहिलं, "बेकार ॲप, मराठी चालत नाही." साचेबंद उत्तर आलं, क्षमस्व, मेल करा. पुढं काहीच नाही. मग एका रविवारी शांत बसून ॲपच्या हेल्पमधनं परत लिहिलं, की नाव स्क्रीनवर बरोबर दिसतंय, पीडीएफ काढली तरी बरोबर येतंय, इंग्रजीत टाकलं तर छापतंय पण, फक्त मराठी नाव ब्लूटूथ प्रिंटरवर गेलं की प्रश्नचिन्हं होतात, आणि सोबत पट्टीचा फोटो आणि प्रिंटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो जोडला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. सपोर्टची मुलगी म्हणाली, "पीडीएफ बरोबर येते हे तुम्ही लिहिलंत म्हणून कुठं शोधायचं ते कळलं." त्या प्रिंटरमधे देवनागरीची अक्षरंच नव्हती. महिन्याभरात अपडेट आला, आता अख्खी पट्टी चित्रासारखी प्रिंटरला जाते आणि नावं नीट उमटतात.

तिकडं बसलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर तुमची अडचण स्वतःच्या फोनवर घडवून बघतो. ती घडली तरच दुरुस्ती होते. म्हणून तुम्ही काय केलंत, काय व्हायला पाहिजे होतं आणि झालं काय, एवढं सरळ क्रमानं लिहा. दर वेळी होतं का कधीतरीच, वायफायवर होतं का डेटावर, कालच्या अपडेटनंतर सुरू झालं का, हेही. फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन सेटिंगमधे अबाऊट फोनमधे मिळतं, ॲपचं व्हर्जन ॲप इन्फोमधे. अँड्रॉइड 11 पासनं बऱ्याच फोनमधे स्क्रीन रेकॉर्डर आतच असतो, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पानभर लिहिण्यापेक्षा जास्त सांगतो. मराठीत लिहायला लाजू नका, फक्त एका मेलमधे एकच अडचण लिहा, पाच तक्रारी एकत्र कोंबल्या की एकीवर उत्तर येतं आणि चार राहतात.

फोटो पाठवताना शेतकऱ्याचा मोबाईल नंबर, खातं नंबर आधी खोडायचा, लोकांनी विश्वासानं दिलेला असतो तो. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं फसवणारे बसलेले असतात, ॲपच्या आतनंच संपर्क करा. ओटीपी कुणालाच नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आमच्या यार्डात सगळे म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपन्या आपलं कशाला ऐकतील. 2012 साली विंडोज 8 मधनं मायक्रोसॉफ्टनं स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं, लोकांनी एवढी ओरड केली की पुढच्या वर्षी 8.1 मधे ते परत आणावं लागलं. ट्विटरवरचा हॅशटॅग तर कंपनीनं काढलाच नव्हता, 2007 मधे क्रिस मेसिना नावाच्या एका वापरणाऱ्यानंच तो सुचवला आणि कंपनीनं मागनं घेतला. एकट्याच्या तक्रारीला वेळ लागतो हे खरं, म्हणून शेजारच्या दुकानात तीच अडचण असली तर त्यांनाही त्यांच्या नावानं लिहायला सांगा, किती जणांना त्रास होतोय हे बघूनच आधी काय दुरुस्त करायचं ते ठरतं.

दुरुस्ती झाली की जुना रिव्ह्यू बदला, तो एडिट करता येतो. मी एकाचे चार स्टार केलेत. पाचवा ठेवलाय, कारण तोलाईत अजून पैशांचा राउंड ऑफ चुकतोय, ते परवाच लिहून पाठवलं, तीन पट्ट्यांच्या फोटोसकट.