लहान शहराचा इतिहास कसा शोधावा: गॅलिनाच्या निमित्ताने

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एखाद्या लहान शहराचा इतिहास लिहायला घेताना नामवंत रहिवाशांच्या यादीपासून सुरुवात करू नये. ते शहर नेमके तिथेच का वसले आणि त्याची वाढ कशामुळे खुंटली, हे आधी शोधावे. माणसांचे धागेदोरे त्यातूनच हाती लागतात. इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यातील, जेमतेम ३,३०० वस्तीचे गॅलिना यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. येथील जमिनीत शिशाचे खनिज होते आणि ते आगबोटींनी मिसिसिपीपर्यंत नेता येत असे, म्हणून १८२० च्या दशकात खाणकामगारांची रीघ लागली. पुढे खाणी मंदावल्या, शहरातून मिसिसिपीकडे जाणाऱ्या गॅलिना नदीचे पात्र गाळाने भरत गेले आणि १८५४ मध्ये आलेला लोहमार्ग लवकरच थेट मिसिसिपीच्या काठापर्यंत पोहोचल्याने बंदराची रया गेली. मुख्य रस्त्यावरच्या विटांच्या जुन्या इमारती आज टिकून आहेत, त्यामागे पुरातनाच्या प्रेमापेक्षा पुढील काळातील पैशाची चणचण अधिक असावी.

आता प्रत्येक नामवंताविषयी एकच विचारावे: तो येथे कधी होता आणि कशासाठी आला होता? यादवी युद्धातील उत्तरेचे सेनापती आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचा जन्म १८२२ मध्ये ओहायोत झाला. ते १८६० मध्ये वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करण्यासाठी गॅलिनात आले आणि पुढच्याच वर्षी यादवी युद्धासाठी निघून गेले. नागरिकांनी १८६५ मध्ये त्यांना भेट दिलेले घर पर्यटकांना आवर्जून दाखवले जाते, पण त्यात त्यांचे वास्तव्य अल्पच होते.

माझ्या मते इली पार्कर यांची कथा शहराशी अधिक घट्ट जोडलेली आहे. सेनेका या मूळ अमेरिकन जमातीचे हे अभियंते १८५७ मध्ये जकात कार्यालयाच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी आले. म्हणजे नदीवरचा व्यापार नसता, तर त्यांना येथे येण्याचे कारणच पडले नसते. ग्रँट यांच्याशी त्यांचा स्नेह येथेच जुळला. एप्रिल १८६५ मध्ये व्हर्जिनियातील अ‍ॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी ग्रँट यांच्यापुढे पत्करलेल्या शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत पार्कर यांच्याच हातची होती. त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या इमारतीत आजही टपाल कार्यालय आहे.

अशा दाव्यांची पडताळणी जनगणनेच्या मूळ नोंदींवरून करावी. १८५० पूर्वीच्या नोंदींत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव मिळते, १८९० च्या बहुतेक नोंदी १९२१ च्या आगीमुळे नष्ट झाल्या, आणि नोंदी ७२ वर्षांनीच खुल्या करण्याच्या नियमामुळे १९५० नंतरच्या अद्याप खुल्या नाहीत. इमारतींसाठी सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे पाहावेत. त्यांत विटांचे बांधकाम गुलाबी आणि लाकडी बांधकाम पिवळ्या रंगाने दाखवलेले असते. ‘अमुक येथे राहत असे’ अशी पाटी दिसली, तर काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) कार्यालयातील खरेदीखत काढून मालकीची वर्षे त्या व्यक्तीच्या हयातीशी ताडून पाहावीत.