वैनगंगेच्या निवांत रेतीवर एक दिवस कसा घालवावा

बेसाल्ट झिजला की त्याची काळी चिकण माती होते; ग्रॅनाइट झिजला तरी त्यातील गारगोटीचे कठीण कण टिकून राहतात आणि त्यांचीच भरड रेती होते. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत ग्रॅनाइट आणि नीस हे अतिप्राचीन खडक जागोजागी उघडे पडलेले असल्यामुळे वैनगंगेच्या वळणांवर असे रेतीचे रुंद पट्टे साचलेले दिसतात. जिथे दुकान नाही, पक्का घाट नाही आणि ट्रॅक्टरची वाट नाही, असा पट्टा निवडावा.

जाण्यासाठी डिसेंबर आणि जानेवारी हे महिने सर्वांत चांगले. गडचिरोली जिल्ह्यात नदीकाठी असलेल्या मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, त्यामुळे शांतता हवी असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. निघण्यापूर्वी काठच्या गावातील एखाद्या ढिवर (मासेमार) मामांकडे नदीची चौकशी अवश्य करावी, कारण यंदाच्या पुराने डोह कुठे सरकला हे डोंगा चालवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि गेल्या वर्षीची आपली आठवण येथे उपयोगी पडत नाही.

पाण्यात उतरताना हातात लांब काठी असावी आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तळ चाचपावा. ज्या ठिकाणी यंत्राने रेती उपसलेली असते, तिथे वरून पाणी गुडघाभर भासते, पण पुढच्याच पावलाला खड्डा लागतो आणि त्याची कड पायाखालून ढासळते. पोहता येणारी माणसेही अशा जागी बुडतात, म्हणून मुलांना तिथे मुळीच उतरू देऊ नये. खडकांच्या खालच्या अंगाला प्रवाहाने कोरलेले डोह असतात आणि ओल्या खडकावर शेवाळ असते, तेव्हा त्यावरून उडी मारू नये. पोहोचताच पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवावी. गोसीखुर्द धरणाच्या खालच्या भागात पाणी सोडल्यास पातळी वाढते; काडी बुडू लागली की सामान उचलून उंच काठ गाठावा, आणि मधल्या बेटावर तर थांबूच नये.

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत याच उघड्या रेतीवर नदीसुरय आणि टिटवी हे पक्षी अंडी घालतात. काडीकचऱ्याचे घरटे नसते, फक्त उथळ खळगा असतो, आणि अंड्यांचा रंग रेतीशी इतका मिळताजुळता असतो की ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर ओरडत झेपावू लागला, तर पुढे न जाता आल्या पावलांनीच परतावे. आपण घटकाभर तिथे रेंगाळलो, तर दुपारच्या उन्हात सावलीविना उरलेली अंडी तापून निकामी होतात. मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि या महिन्यांत रेतीवर कुत्रा नेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

पिण्याचे पाणी घरून न्यावे. काठापासून थोडे दूर रेतीत हाताने झिरा खोदला की गाळलेले पाणी वर येते. पूर्वी गावे तेच पीत, आज मात्र ते हातपाय धुण्यापुरतेच वापरावे. रेतीवर चूल पेटवू नये, कारण रेतीखाली दडलेले निखारे बराच वेळ गरम राहतात आणि अनवाणी पाय भाजतात. ओल्या रेतीवर वाघाचे पंजे दिसले, तर मागोवा न घेता गावात कळवावे. दिवस कलण्यापूर्वी झिरा बुजवावा, रोवलेली काडी काढावी, प्लास्टिक पिशवीत भरावे आणि उजेड असेपर्यंत गावाच्या वाटेला लागावे.