मध्ययुगीन युरोपीय कायद्याचा अभ्यास: लॅटिन, फ्रेंच आणि लोकभाषा यांच्याशी पडलेली गाठ

कायद्याची पदवी घेऊन मध्ययुगीन युरोपच्या कायद्याकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटले की लॅटिन शिकावीच लागेल का, हा प्रश्न हमखास विचारतात. लॅटिन शिकावीच लागते, त्यातून सुटका नाही. परंतु या प्रश्नामागे बहुधा एक समजूत दडलेली असते, आणि ती मला अधिक अडचणीची वाटते. आधी सगळीकडे लॅटिनचे राज्य होते, मग हळूहळू लोक जागे झाले आणि कायदा लोकभाषेत आला, अशी ती सरळ रेषेतली गोष्ट आहे. पदवीच्या पाठ्यपुस्तकात ती शोभून दिसते, पण मूळ कागदपत्रे वाचायला घेतली की पहिल्याच सत्रात तिला तडे जातात.

इंग्लंडचेच पाहा. केंटचा राजा एथेलबर्ट याची कायदेसंहिता साधारण इ. स. 600 च्या सुमारास लिहिली गेली आणि ती जुन्या इंग्रजीत होती. त्याच काळात युरोपच्या मुख्य भूमीवरचे फ्रँक लोक आपले कायदे लॅटिनमध्ये लिहीत होते आणि अधूनमधून न्यायसभेतले फ्रँक शब्द त्यात टाचून ठेवत होते. 643 मधला, इटलीतल्या लोम्बार्ड लोकांचा राजा रोथारी याचा कायदाही लॅटिनमध्येच आहे. म्हणजे इंग्लंडात कायद्याची सुरुवात लोकभाषेत झाली, 1066 च्या नॉर्मन विजयानंतर लॅटिनने तिथे जम बसवला आणि तेराव्या शतकात फ्रेंचही येऊन बसली. एथेलबर्टची संहिता आज ज्या एकमेव मध्ययुगीन हस्तलिखितामुळे वाचता येते, ते रॉचेस्टरचे हस्तलिखित 1120 च्या दशकात, म्हणजे विजेत्यांच्या अमदानीत, तयार झाले आहे.

जर्मन प्रदेशातली कथाही अशीच उलटसुलट आहे. आइके फॉन रेपगो याने सॅक्सन लोकांच्या रूढी 1220 ते 1235 च्या दरम्यान एकत्र केल्या. प्रस्तावनेत तो सांगतो की त्याने हे काम आधी लॅटिनमध्ये केले होते आणि काउंट होयर फॉन फाल्केनश्टाइन याच्या आग्रहामुळे, बऱ्याच कष्टाने, ते जर्मनमध्ये आणले. ‘साक्सेनश्पीगल’ (सॅक्सनांचा आरसा) या नावाने हा ग्रंथ गाजला आणि त्याच्या चारशेहून अधिक प्रती आज शिल्लक आहेत. तो पूर्वेकडे पोलंडमध्ये पोचला तेव्हा त्याची पुन्हा लॅटिन भाषांतरे झाली, कारण तिथल्या न्यायव्यवहाराला जर्मनपेक्षा लॅटिन सोयीची होती. एका दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची कल्पना इथे टिकत नाही.

म्हणून नव्या अभ्यासकाला मी असे सुचवतो की ‘या देशात, या शतकात कायद्याची भाषा कोणती होती’ असा प्रश्न विचारूच नये. एखादा दावा घ्यावा आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर कोण कोणत्या भाषेत बोलत होते आणि कोण कोणत्या भाषेत लिहीत होते, ते पाहावे. चौदाव्या शतकाच्या आरंभी वेस्टमिन्स्टरच्या कॉमन प्लीज या दिवाणी दाव्यांच्या राजकीय न्यायालयात आलेला जमिनीचा दावा घेतला, तर पक्षकार आपल्या गावी इंग्रजी बोलणारा आहे, त्याचा दावा ज्या आज्ञापत्राने सुरू होतो ते लॅटिनमध्ये आहे, त्याच्या वतीने उभा राहणारा सार्जंट, म्हणजे त्या न्यायालयातला ज्येष्ठ वकील, फ्रेंचमध्ये कैफियत मांडतो, न्यायाधीश त्याला फ्रेंचमध्येच अडवतो, आणि खाली बसलेला कारकून हे सारे ऐकून लॅटिनमध्ये नोंद करतो. पुढे प्रकरण ज्यूरीकडे गेले, तर गावातली बारा माणसे पुन्हा आपल्या इंग्रजीत बोलतात. आपल्याकडे जिल्हा न्यायालयात साक्षीदार मराठीत जबाब देतो आणि तेच प्रकरण उच्च न्यायालयात गेले की सारा कारभार इंग्रजीत चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या व्यवस्थेचे फारसे नवल वाटणार नाही. किंबहुना एकभाषिक देशातून आलेल्या सहाध्यायांपेक्षा आपण ती लवकर ओळखतो, असा माझा अनुभव आहे.

त्या कारकुनाच्या नोंदींपासूनच अभ्यासाला हात घालावा. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदींच्या चर्मपत्री गुंडाळ्या आहेत. लांबट चर्मपत्रे एकावर एक ठेवून वरच्या कडेला शिवलेली असतात आणि प्रत्येक नोंदीशेजारी समासात जिल्ह्याचे नाव असते. नोंद सुरू होते ती बहुधा ‘ऑप्तुलित से क्वार्तो दिए’ या शब्दांच्या आसपास: अमुक गावचा अमुक, आपल्या मुखत्यारामार्फत, चौथ्या दिवशी, अमक्याविरुद्ध अमुक दाव्यात हजर झाला. त्यानंतर येते ‘एत इप्से नोन वेनित’, म्हणजे प्रतिवादी आला नाही. मग शेरीफला, म्हणजे जिल्ह्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याला, समन्स बजावण्याचा हुकूम होता, शेरीफने काय कळवले, आणि आता पुढची तारीख कोणती. हा सरळसरळ रोजनामा आहे. गुंडाळीतल्या बहुसंख्य नोंदी अशाच गैरहजेरीच्या आणि पुढच्या तारखेच्या असतात, त्यामुळे शंभर-सव्वाशे शब्दांचा साठा आणि ठरावीक वाक्यरचना हाताशी आली की पानेच्या पाने वाचता येऊ लागतात. कारकून शब्दांचे शेवट गाळून वर एक आडवी रेघ किंवा आकडी देतो. विभक्तिप्रत्यय आपण मनाने भरायचा असतो. मोडी लिपी वाचण्याची ज्याला सवय आहे त्याला अक्षरांचे हे जोडकाम आणि संक्षेप फार घाबरवत नाहीत.

याच नोंदींत, विशेषतः गावपातळीवरच्या जमीनदारी न्यायालयांच्या गुंडाळ्यांत, भाषांची सरमिसळ अगदी जवळून दिसते. कारकून लॅटिन वाक्य लिहीत जातो, शेताचे स्थानिक नाव किंवा एखाद्या अवजाराचा शब्द आला की लॅटिन शब्द शोधत बसत नाही. फ्रेंच ‘ले’ किंवा ‘ला’ हे उपपद लावतो आणि त्यापुढे इंग्रजी शब्द तसाच ठेवतो. एका ओळीत तीन भाषा येतात आणि त्यातली प्रत्येक आपापले काम करते. या गुंडाळ्या कोणाच्या उपयोगाच्या आहेत, हे लॅटिन न येणाऱ्या कुळांनाही पक्के ठाऊक होते. 1381 च्या शेतकरी उठावात ठिकठिकाणी लोकांनी त्या शोधून जाळल्या.

लॅटिन नोंदीत युक्तिवाद सापडत नाही. तिथे फक्त निष्पन्न झालेला मजकूर असतो. वकिलांची खडाजंगी वाचायची असेल तर ‘इयर बुक्स’कडे, म्हणजे न्यायालयात बसून कायदा शिकणाऱ्यांच्या गरजेतून तयार झालेल्या फ्रेंच वृत्तांतांकडे जावे लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1535 पर्यंतचे असे वृत्तांत आहेत. यांत न्यायाधीशांचे टोमणे आहेत, वकिलाने बदललेला पवित्रा आहे; 1309 पासून कॉमन प्लीजचा मुख्य न्यायाधीश असलेला विल्यम बेअरफर्ड तर या पानांत चक्क गरजताना ऐकू येतो. मात्र वृत्तांत लिहिणाऱ्याला नावांशी आणि निकालाशी देणेघेणे नसते. नावे मोडलेली, गाव वगळलेले, आणि मुद्दा संपला की लेखणी खाली. म्हणून एकाच दाव्याचा फ्रेंच वृत्तांत आणि लॅटिन नोंद शेजारी ठेवून वाचणे, हा या क्षेत्रातला खरा व्यायाम आहे. 1887 मध्ये स्थापन झालेल्या सेल्डन सोसायटी या इंग्रजी विधी-इतिहासाच्या संस्थेने राजा दुसऱ्या एडवर्डच्या काळातील वृत्तांत याच पद्धतीने छापले आहेत. विधी-इतिहासकार फ्रेडरिक विल्यम मेटलंडने त्या मालिकेच्या पहिल्या खंडात, 1903 मध्ये, या वकिली फ्रेंचचे व्याकरणही विस्ताराने मांडले. आजही मी विद्यार्थ्यांना तेच आधी वाचायला सांगतो.

आता इंग्लंडच्या 1362 च्या कायद्याविषयी, कारण तो परीक्षेत विचारला जातो आणि त्याचा अर्थ बहुतेकजण अर्धाच लक्षात ठेवतात. देशात फ्रेंच फारशी कोणाला समजत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोलले जात आहे हे पक्षकारांना कळत नाही, अशी तक्रार नोंदवून या कायद्याने युक्तिवाद आणि निवाडे इंग्रजीत व्हावेत असे सांगितले. मात्र नोंद लॅटिनमध्येच राहील, असेही त्याच कायद्यात आहे, आणि तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. वकिलांनी टिपणे आणि वृत्तांत पुढेही फ्रेंचमध्येच चालू ठेवले; ती फ्रेंच उत्तरोत्तर कशी झाली याचा मासला म्हणजे 1631 मध्ये सॉल्झबरीच्या न्यायालयात एका कैद्याने न्यायाधीशाला वीट फेकून मारल्याची प्रसिद्ध नोंद: ‘इल जेक्त अं ब्रिकबॅट आ ले दि जस्टिस के नॅरोली मिस्ट’. त्या कैद्याचा उजवा हात तोडला गेला आणि त्याला तिथेच फाशी दिले गेले, हे वाचले की हसू आवरते घ्यावे लागते. इंग्लंडात राजा नसलेल्या प्रजासत्ताकाच्या काळात, 1650 मध्ये, इंग्रजी सक्तीची झाली, 1660 मध्ये राजा परतताच ती सक्ती गेली, आणि न्यायालयीन नोंदींतून लॅटिन कायमची हद्दपार व्हायला 1733 साल उजाडले.

लोकभाषेत लिहिलेले ते लोकांच्या तोंडचे, हा समजही तपासून घ्यावा. त्यासाठी इटलीतील कापुआचे 960 सालचे न्यायपत्र वाचण्यासारखे आहे. मोंते कासीनोचा मठ आणि रोदेलग्रीमो नावाचा जमीनदार यांच्यातला हा जमिनीचा वाद. सारे पत्र लॅटिनमध्ये आहे, पण साक्षीदारांची शपथ तिथल्या बोलीत उतरवली आहे: ‘साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फिनी के की कोन्तेने, त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ती बेनेदिक्ती’. येथे लिहिलेल्या चतुःसीमेतील त्या जमिनी तीस वर्षे संत बेनेडिक्टच्या पक्षाकडे (म्हणजे मठाकडे) होत्या हे मला ठाऊक आहे, असा तिचा आशय. इटालियन भाषेच्या इतिहासात हे वाक्य मानाचे मानले जाते. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र हे पाहावे की तिन्ही साक्षीदार अक्षरशः एकच वाक्य उच्चारतात, ते वाक्य न्यायाधीशाने आधी ठरवून दिलेले आहे, आणि त्यातले शेवटचे शब्द लॅटिनच आहेत. बोलीसुद्धा इथे मसुदा होऊनच कागदावर आली आहे.

तयारीचा क्रम विचाराल तर लॅटिन आधी, पण सिसेरोच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या अभिजात लॅटिनच्या, वाटेने फार लांब जाऊ नये. मूलभूत व्याकरण झाले की लगेच मध्ययुगीन दस्तऐवजांकडे वळावे. क्यूच्या अभिलेखागाराने नवशिक्यांसाठी लॅटिनचे आणि जुन्या हस्ताक्षरांचे विनामूल्य पाठ ठेवले आहेत. शाळेत संस्कृत झालेले असेल तर विभक्तींची धास्ती राहत नाही, आणि लॅटिनमधली जी रचना इंग्रजीतून शिकणाऱ्यांना रडवते ती आपण सति सप्तमी म्हणून सहज ओळखतो. वकिली फ्रेंच त्यानंतर घ्यावी. आधुनिक फ्रेंच येत असेल तर उत्तम, नसेल तरी अँग्लो-नॉर्मन (मध्ययुगीन इंग्लंडातल्या फ्रेंचचा) शब्दकोश ऑनलाइन खुला आहे. लॅटिनसाठी ब्रिटिश स्रोतांवर आधारलेला मध्ययुगीन लॅटिनचा कोश 2013 मध्ये पूर्ण झाला असून त्याला पर्याय नाही. मूळ गुंडाळ्यांची छायाचित्रे ह्यूस्टन विद्यापीठाच्या ‘अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन’ या संग्रहात पुण्यात वा नागपुरात बसूनही पाहता येतात. ही सोय असताना परदेशी प्रवेश मिळेपर्यंत वाट पाहत बसण्याला मला काही कारण दिसत नाही.

चर्च न्यायालयांचे दावे ज्यांना आवडतील त्यांनी यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेतील कागदपत्रे पाहावीत. ती 1300 पासूनची आहेत. तिथे साक्षीदाराला बंद खोलीत त्याच्या भाषेत प्रश्न विचारत आणि उत्तर लॅटिनमध्ये उतरवत. बदनामीच्या दाव्यांत मात्र मध्येच लॅटिन थांबते आणि दिलेली शिवी इंग्रजीत जशीच्या तशी येते, कारण नेमके कोणते शब्द उच्चारले गेले यावरच दावा उभा असतो.

नोकरीबाबत स्पष्ट सांगायला हवे. भारतात केवळ या विषयाची अध्यापकपदे जवळपास नाहीतच. कायद्याच्या महाविद्यालयात विधी-इतिहास किंवा न्यायशास्त्र शिकवता शिकवता हे काम चालू ठेवावे लागते. परदेशात पीएच.डी.ला प्रवेश देताना भाषांची तयारी पहिल्यांदा पाहतात. त्यामुळे अर्जासोबत लेखनाचा नमुना पाठवायचा असेल, तर मोठ्या सिद्धान्ताऐवजी एकाच दाव्याची लॅटिन नोंद आणि फ्रेंच वृत्तांत यांचे स्वतः केलेले वाचन, लिप्यंतर आणि भाषांतर पाठवावे. दरवर्षी जुलैमध्ये लीड्सला मध्ययुगीन अभ्यासाची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. विद्यार्थ्यांचे निबंध तिथे स्वीकारले जातात आणि पुढे मार्गदर्शक होऊ शकतील अशी माणसे तिथेच भेटतात. अभिलेखागारांतली सूची-निर्मितीची कामेही डोळ्यांसमोर ठेवावीत. ती मुदतीची असतात, पगार बेताचा असतो, पण दिवसभर हस्तलिखितांसमोर बसायला मिळते आणि वाचनाचा वेग तिथे जितका वाढतो तितका कोणत्याही वर्गात वाढत नाही.