तोच पोरगा, तीच तलवार: फँटसी ट्रिलजी घ्यायची का नाही हे लोकांच्या मतांवरनं कसं ठरवायचं

मागच्या मे महिन्यात, म्हणजे सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसती तेव्हा, आम्हा पाचसहा वाचणाऱ्यांची संध्याकाळी गच्चीवर एका ट्रिलजीवरनं, म्हणजे तीन भागांतल्या कादंबरीवरनं, अशी जुंपली की खालनं काकू विचारायला आल्या, काय झालं म्हणून. ट्रिलजीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच. खेड्यातला अनाथ पोरगा, दाढीवाला म्हातारा, जुनी भविष्यवाणी, तलवार, लांब कुठंतरी बसलेला काळा राजा, पहिल्या भागाच्या शेवटी म्हातारा मरतो, आणि तिसऱ्यात परत येतोच. बँकेतला मित्र म्हणला, "रद्दी आहे बे." नववीतली भाची म्हणली, मी तिन्ही भाग दोनदा वाचले. दोघांनी वाचलं तेच पुस्तक, मग तुम्ही ऐकायचं कुणाचं? त्या भांडणातनं मला जे कळलं ते लिहितोय, पुढच्या वेळी तीन जाडजूड पुस्तकांचे पैसे घालायच्या आधी उपयोगी पडंल.

सगळ्यात आधी विचारा, ही तुमची कितवी फँटसी? बाकी काही नाही विचारलं तरी चालंल पण हे विचाराच. मित्राची पंचविसावी असंल, त्याला म्हातारा आल्याआल्या कळलं की हा मरणार. भाचीची पहिलीच, ती म्हातारा मेल्यावर जेवली नाही. दोघंही खरं बोलतायत. तुमचा आकडा ज्याच्या जवळ बसतो त्याचं मत तुमच्या कामाचं, दुसऱ्याचं ऐकून सोडून द्या.

आणि "कॉपी आहे" एवढ्यावर कुणी उडवून लावत असंल तर थांबा जरा. हे भांडण लई जुनं आहे. टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं ते काय त्याला ट्रिलजी लिहायची होती म्हणून नाही, त्यानं एकच सलग कादंबरी लिहिलेली, युद्धानंतर कागद महाग म्हणून प्रकाशकानं तुकडे केले. नंतरच्यांनी तो तुकड्यांचाच साचा केला. १९७७ ला टेरी ब्रुक्सचं 'द सोर्ड ऑफ शनारा' आलं तेव्हा टीकाकारांनी टॉल्किनची नक्कल म्हणून धू धू धुतलं आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत जाऊन बसलं. म्हणजे नक्कल आहे हे कळूनही लोक घेतात, आणि आनंदानं घेतात. १९९६ ला डायना विन जोन्सनं तर या सगळ्या साच्याची टिंगल करणारं एक खोटंखोटं टुरिस्ट गाइडच काढलं, त्यात एक नोंद स्ट्यूची आहे, की या असल्या गोष्टींत जिथं जावं तिथं खायला स्ट्यूच. (आता घोड्यावरनं पळताना तासन्‌तास शिजणारा रस्सा कोण करत बसतो? आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली असती तर काळ्या राजाच्या दारापर्यंत पुरली असती.)

आता तक्रार नीट वेगळी करायची, इथंच सगळे घोळ घालतात. आमच्यातले एक काका गिरणीतनं रिटायर झालेले, त्यांनी ट्रिलजी वाचली नव्हती, नुसतं ऐकत होते. ते म्हणले, चादरीवरची नक्षी काय, जॅकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षी पाडायच्या यंत्राला, भोकं पाडलेली कार्डं लावली की तीच येती, वर्षानुवर्षं तीच, त्यावरनं कोण भांडत नाही, चादर उजेडाला धरून वीण बघायची. मतं वाचताना हेच करा. "सगळं आधीच कळतं", "तोच म्हातारा" ही नक्षीची तक्रार, तुम्हाला नक्षी आवडत असंल तर सोडून द्या. पण "सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात", "बाईमाणूस फक्त वाचवून घ्यायला आणली", "दोनशे पानं नुसतं चालणंच" ही विणीची तक्रार, आणि अशी तक्रार ज्याला पुस्तक आवडलंय तोसुद्धा करत असंल तर मग पाकीट खिशातच ठेवा. आमच्याकडं भाचीच म्हणली की दुसऱ्या भागातलं जंगल मी उड्या मारत वाचलं. मित्राच्या तासभराच्या भाषणापेक्षा मला ते एक वाक्य जास्त पटलं.

दुसऱ्या भागावरनं आठवलं, मतं शोधायची तर मधल्या भागाची शोधा. पहिल्याला सगळे नवीन असतात म्हणून खूष, तिसऱ्यापर्यंत पोचणारे मुळातच आवडलेले असतात, नावडलेले केव्हाच गळालेले. त्यामुळं तिसऱ्या भागाच्या चार-पाच स्टारला फसू नका, मी फसलोय. सेलमध्ये तिन्ही भागांचा सेट एकदम घेतलतो, दुसऱ्याच्या साठाव्या पानावर अजून बुकमार्क तसाच आहे, हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट आहे बुकमार्क म्हणून, तेसुद्धा पिवळं पडलं.

वहिनीचं म्हणणं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणली, मी मराठी मीडियमची, इंग्लिशमधलं जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचलं ते हे पहिलंच, कारण पुढं काय होणार ते माहीत होतं, शब्द अडला तरी गोष्ट अडत नव्हती. मित्र गप्पच बसला. तुमच्या घरात कुणाला इंग्लिश वाचायची सवय लावायची असंल तर साच्यातली गोष्ट उलट बरी, आणि तेव्हा "प्रेडिक्टेबल आहे" हे मत चांगल्या बाजूला मोजा.

हे सगळं करून पण ठरत नसंल तर फक्त पहिला भाग वाचनालयातनं नाहीतर मित्राकडनं आणा, सुरुवातीची दहा पानं वाचू नका, ती सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलंच एखादं प्रकरण काढा, जिथं लढाई नाही, नुसती दोन माणसं बोलत बसलीयत. ते पुढं वाचावंसं वाटलं तर घ्या.

आणि स्वतः मत द्यायची वेळ आली तर नुसतं "भारी" किंवा "बकवास" म्हणून पळू नका, कितवी फँटसी, कुठल्या पानावर सोडलं, एवढं तरी सांगा. शेवट मात्र सांगू नका. आमचे तिन्ही भाग सध्या भाचीकडंच आहेत, कुणाला पाहिजे तर देईल ती, फक्त म्हातारा परत कसा येतो हे सांगितल्याशिवाय ती पुस्तक हातातनं सोडत नाही.