पाच नग म्हणजे पाच प्रयोग नव्हेत

मिनिटॅब या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये प्रयोगाचं डिझाइन (डीओई, म्हणजे डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स) तयार करायला दोन मिनिटं लागतात. खरं काम त्यानंतर मशीनवर असतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. फॅक्टर, लेव्हल, इंटरॅक्शन हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून लिहितोय. उदाहरण इंजेक्शन मोल्डिंगचं: पॉलिप्रोपिलीनचं झाकण, श्रिंकेज (थंड होताना आकसणं) कमी-जास्त होतंय, बाहेरचा व्यास टॉलरन्समध्ये टिकत नाही.

डिझाइनला हात लावण्याआधी दोन कामं उरका. एक, मोजमाप. दहा नग, तीन माणसं, प्रत्येकाने दोन-तीनदा मोजायचं. गेज आरअँडआर (एकूण फरकात मोजमापाचा वाटा किती, ती टक्केवारी) 10 टक्क्यांच्या आत आला तर उत्तम. 30 च्या वर गेला तर डीओई सुरूच करू नका. मऊ झाकण व्हर्नियरच्या जबड्यात दबतं, मग आकडा नगाचा कमी आणि मोजणाऱ्याच्या बोटाचा जास्त असतो. साधं फिक्श्चर आणि डायल गेज लावा. दोन, गेट फ्रीझ, म्हणजे माल साच्यात शिरतो ते तोंड गोठणं. होल्डिंग टाइम (साचा भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ) थोडा थोडा वाढवत न्या आणि रनर (गेटपर्यंत माल आणणारी नळी) तोडून नुसत्या नगाचं वजन करा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं. त्याहून अर्धा-एक सेकंद जास्त ठेवा आणि ती किंमत पुढे हलवू नका. हे टाळलं तर प्रेशर सुटताच माल गेटमधून मागे सरकतो आणि होल्डिंग प्रेशरचा परिणाम कधी दिसतो, कधी नाही.

आता फॅक्टर तीन घ्या: मेल्ट टेंपरेचर 210 आणि 235 अंश, मोल्ड टेंपरेचर 25 आणि 45 अंश, होल्डिंग प्रेशर 300 आणि 450 बार (प्लास्टिकवरचं, हायड्रॉलिक गेजवरचं नव्हे). दोन-दोन लेव्हलच्या सगळ्या जुळण्या मिळून आठ रन झाले. लेव्हल फार जवळ घेतल्या तर परिणाम रोजच्या चढउतारात बुडतो. फार लांब घेतल्या तर एका टोकाला फ्लॅश (कडेने बाहेर आलेला माल), दुसऱ्या टोकाला सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खड्डा), आणि त्या रनचं रीडिंगच हाती लागत नाही. म्हणून थंड-कमी दाब आणि गरम-जास्त दाब हे दोन कोपरे आदल्या दिवशी चालवून पाहा.

आता तो सापळा. यात मीही अडकलो आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रत्येक सेटिंगवर आपण लागोपाठ पाच शॉट घेतो. आठ सेटिंग, चाळीस नग, चाळीस रीडिंग. ती सगळी शीटमध्ये रेप्लिकेट (स्वतंत्रपणे पुन्हा केलेला रन) म्हणून भरली की सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. उलट जवळपास प्रत्येक फॅक्टरचा पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) शून्याला टेकतो. आनंद होतो, साहेबांना ग्राफ जातो, सेटिंग बदलतं आणि पुढच्या आठवड्यात रिजेक्शन तिथल्या तिथेच.

कारण ते पाच शॉट एकाच सेटअपची पोरं आहेत. सेटिंग बदलून पुन्हा तेच लावलं की बॅरलचं तापमान, मोल्डमधल्या पाण्याचा प्रवाह, मालाचा लॉट यांत बारीक फरक पडतो. तो फरक लागोपाठच्या शॉटमध्ये दिसतच नाही. आकडे घालून बघा. शॉट-टू-शॉट प्रमाण विचलन 0.005 मिमी, पण सेटअप-टू-सेटअप 0.02 मिमी आहे असं समजा. एका फॅक्टरचा परिणाम 0.02 मिमी आला. परिणामाची प्रमाण त्रुटी म्हणजे विचलनाची दुप्पट भागिले एकूण रीडिंगचं वर्गमूळ. चाळीस नग सुटे धरले तर ती 0.0016 येते, म्हणजे परिणाम त्रुटीच्या साडेबारा पट. सेटअपचं खरं विचलन घेऊन, आठही रन दोनदा नव्याने लावून सोळा सरासऱ्या घेतल्या तर त्रुटी 0.01 येते आणि परिणाम तिच्या फक्त दुप्पट. सोळा सरासऱ्या वजा आठ सेटिंग, म्हणजे आठ डिग्री ऑफ फ्रीडमला, 95 टक्के खात्रीसाठी परिणाम त्रुटीच्या निदान 2.306 पट लागतो. म्हणजे पुरावा नाही. त्याच परिणामावर एका हिशोबात छातीठोक निष्कर्ष, दुसऱ्यात काहीच नाही.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. पाच नगांची सरासरी हे एकच रीडिंग धरा. त्यांचं प्रमाण विचलन वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. कोणत्या सेटिंगला मशीन शांत चालतं ते त्यावरून कळतं. आणि रेप्लिकेट म्हणजे सेटिंग पूर्ण मोडून पुन्हा लावणं. सेटर वैतागेल. त्याला आधी समजावून सांगा, तोच तुमचा अर्धा प्रयोग आहे.

क्रमाचंही तसंच. मोल्ड टेंपरेचर चढायला-उतरायला वेळ लागतो, म्हणून सकाळी सगळे 25 चे रन आणि दुपारी सगळे 45 चे, असा मोह होतो. मग दुपारचं ऊन, बदललेली शिफ्ट, नवी पोती हे सगळं मोल्ड टेंपरेचरच्या नावावर चढतं. वेळ खरंच नसेल तर मोल्ड टेंपरेचरचे निदान चार गट पाडा, त्यांचा क्रम चिठ्ठीने ठरवा आणि विश्लेषण स्प्लिट-प्लॉट म्हणूनच करा, म्हणजे गटागटाने बदललेल्या फॅक्टरची त्रुटी वेगळी धरून.

एल-9 मध्ये (तागुची पद्धतीतला रनचा तयार तक्ता, एक ऑर्थोगोनल अ‍ॅरे) चार फॅक्टर तीन-तीन लेव्हलवर कोंबून नऊ रनमध्ये सुटका करून घेण्याची सवय मला पटत नाही. तिथे प्रत्येक मुख्य परिणाम दुसऱ्यांच्या इंटरॅक्शनमध्ये मिसळलेला असतो, आणि मोल्डिंगमध्ये तापमान-दाबाचं इंटरॅक्शन गृहीतच धरायला हवं. ऑर्थोगोनल अ‍ॅरे वाईट नाहीत, संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी 1940 च्या दशकात त्यांचा पाया घातला आणि ते कारखान्यांत रुजवणारे जपानी अभियंते तागुची स्वतः 1954-55 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. पाच फॅक्टर असतील तर सोळा रनचं अर्धं डिझाइन (पूर्ण बत्तीस रनचं निम्मं) घ्या, त्यात दोन-दोनचे इंटरॅक्शन एकमेकांत मिसळत नाहीत. मार्गदर्शक निवडताना ग्राफ पाहून लगेच उत्तर देणाऱ्यापेक्षा "रन कोणत्या क्रमाने घेतले?" असं आधी विचारणाऱ्याला धरा.

घाबरू नका, बाकीचं सवयीचं आहे. सेटिंग बदलल्यावर कुशन (शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारा माल) आणि तापमान स्थिरावेपर्यंतचे शॉट टाकून द्या. दहा-पंधरा तरी जातात. प्रत्येक नगावर मार्करने रन आणि शॉट नंबर लिहा. पॉलिप्रोपिलीन साच्यातून निघाल्यावरही आकसत राहतं, म्हणून सगळे नग 24 तासांनंतर, एकाच खोलीत मोजा. सेटिंग ठरलं की वेगळ्या दिवशी, वेगळ्या शिफ्टला, किमान तीनदा नव्याने सेटअप लावून पडताळा. सरासरी अंदाजाच्या पट्ट्यात पडली नाही तर आधी रनशीटवरचे शेरे वाचा. आणि तोवर ते नंबर घातलेले नग भंगारात जाऊ देऊ नका. पिशवीवर "टाकू नये" असं ठळक लिहा, कारण पुन्हा मोजायची वेळ हमखास येते.