जास्त धावलेल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची काळजी कशी मोजावी

माझी 2007 सालची पोर्शे बॉक्स्टर एक लाख चाळीस हजार किलोमीटर धावलेली आहे आणि ती ठाण्यातच वापरात आहे. सुरुवातीची दोन वर्षे इंजिनाचा जरा वेगळा आवाज आला, तरी माझ्या पोटात गोळा येत असे. काही मोजक्या गोष्टी नियमाने तपासून त्यांची नोंद वहीत ठेवू लागलो, तेव्हा ही धास्ती हळूहळू कमी झाली. अशी गाडी घेतलेल्यांसाठी किंवा घेऊ पाहणाऱ्यांसाठी ती पद्धत येथे मांडतो.

मीटरवरचा आकडा वाचताना इंजिन एकूण किती तास चालले असेल, याचाही हिशेब करावा. ताशी सरासरी 50 किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीचे इंजिन एक लाख किलोमीटरसाठी 2,000 तास फिरते. तेच अंतर ताशी 15 किलोमीटरने, म्हणजे कापूरबावडी ते कासारवडवलीच्या गर्दीत, कापले तर जवळपास 6,700 तास होतात. म्हणून गाडी घेताना ती कोणत्या रस्त्यावर चालली आणि तेल किती वेळा बदलले, याची बिले मागावीत. बिलांवर किलोमीटर लिहिलेले असल्याने मीटर मागे फिरवले असेल तर तेही त्यातूनच उघड होते.

त्यानंतर आपल्या मॉडेलच्या इंजिनाचे दुखणे नेमके कोणते, हे शोधावे. 1997 ते 2008 या काळातील बॉक्स्टर आणि 911 यांच्या बहुतेक इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (मुख्य दांड्याची गती झडपा उघडणाऱ्या दांड्यांकडे नेणाऱ्या मधल्या दांड्याचे) बेअरिंग हा कमकुवत भाग मानला जातो. साधारण 2000 ते 2005 या वर्षांतले एकेरी, म्हणजे गोळ्यांची एकच रांग असलेले, बेअरिंग त्यात अधिक नाजूक आहे. त्यानंतर आलेले बेअरिंग मोठे व टिकाऊ आहे, पण ते बदलायचे तर क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, उघडावे लागते. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच ठेवलेला नाही. बीएमडब्ल्यूच्या ई46 पिढीतल्या एम3 मध्ये हीच काळजी कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला मुख्य दांड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असते. बॉक्स्टरच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की महिनोन्‌महिने उभी राहिलेली, जुन्या तेलावर लहान लहान फेऱ्या मारलेली कमी किलोमीटरची गाडी या बेअरिंगच्या दृष्टीने अधिक धोक्याची ठरू शकते, आणि वेळेवर तेल बदलून रोज लांब पल्ला चाललेली गाडी निर्धास्तपणे पुढे जाते.

बेअरिंग सहज बदलता येत नसेल तर त्याच्यावर नजर ठेवणे आपल्या हाती असते, आणि त्यासाठी तेलाच्या फिल्टरसारखा प्रामाणिक साक्षीदार नाही. तेल बदलताना जुना फिल्टर टाकू देऊ नये. त्याचा कागद धारदार पात्याने कापून, घड्या उलगडून, पांढऱ्या कापडावर उन्हात पसरावा आणि त्यावरून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारे चमचमते कण लोखंडाचे, म्हणजे बेअरिंग, साखळी किंवा गिअर यांच्या झिजेचे असतात. न चिकटणारी चंदेरी भुकटी बहुधा ॲल्युमिनियमची, तांबूस झाक असलेले कण बुशचे, आणि प्लास्टिकचे कठीण तुकडे टायमिंग चेनच्या गाइडचे असू शकतात. अगदी बारीक करडी धूळ जुन्या इंजिनात दिसतेच, तिला घाबरू नये. डोळ्यांना वेगळा दिसेल एवढा कण मिळाला, तर मात्र थांबावे. माझ्या मते किलोमीटर भरोत वा न भरोत, शहरात चालणाऱ्या अशा गाडीचे तेल वर्षातून एकदा आणि शक्यतो 8,000 किलोमीटरच्या आत बदलावे. कंपनीच्या पुस्तिकेतली मुदत याहून लांब असली तरीही.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देता आल्यास अधिक उत्तम. इंजिन गरम असताना, धार सुरू होऊन थोडे तेल वाहून गेल्यावर, स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा. अहवालात लोह, तांबे आणि शिसे यांचे प्रमाण झीज दाखवते, सिलिकॉन वाढले असेल तर एअर फिल्टरमधून धूळ शिरत असण्याची शंका घ्यावी, आणि सोडियम किंवा पोटॅशियम वाढले असेल तर कूलंट तेलात मिसळत असावे. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नये. लागोपाठच्या तीन अहवालांतला कल पाहावा.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो) आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते) या चाचण्या गाडी घेण्यापूर्वी एकदा कराव्यातच. सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे त्यांत महत्त्वाचे.

आपल्याकडे खरा घात उष्णतेमुळे होतो. बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, बंपरच्या जाळीमागे असतात आणि तिथे वाळलेला पाला साचतो. एका मे महिन्यात पातलीपाड्याच्या सिग्नलवर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तेव्हा बंपर काढल्यावर दोन्ही बाजूंनी ओंजळभर पाला निघाला. तेव्हापासून पावसाळा संपला की आणि उन्हाळ्याआधी असा दोनदा तो भाग मी साफ करवून घेतो. कूलंटची टाकी आणि वॉटर पंपचा पंखा प्लास्टिकचे असल्याने त्यांचे वय मोजून ते वेळेआधीच बदलावेत.

गाडी चालवतानाही थोडा संयम हवा. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तेल पुरेसे तापायला आणखी दहा मिनिटे लागतात, तोवर इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या आत ठेवावे. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी पहाटे, ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याने पाम बीच रस्त्यापर्यंत एक सलग फेरी मारावी, म्हणजे तेलात साठलेली आर्द्रता उडून जाते. पावसाळ्यात हे अधिकच आवश्यक आहे. आणि तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर स्टार्टर पुन्हा मारू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

फिल्टरमध्ये धातूचे कण सापडले किंवा तेलाच्या दाबाचा दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह आवरावा. इंजिन तिथेच बंद करून फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक) बोलवावा, कारण त्या अवस्थेत दुरुस्त होऊ शकणारे इंजिन पुढच्या काही किलोमीटरमध्ये कायमचे निकामी होऊ शकते.